कालव्याकाठची निर्धोक वाट

३ फेब्रुवारी
कालव्याकाठच्या पायवाटेच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष म्हणून आज बिनविरोध निवड. सोसायटीच्या सेक्रेटरीनं 'कोण तयार आहे?' विचारलं तेव्हा सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. वर बघणारा मी एकटाच. नेतृत्व हे असं असतं.
गेल्या आठवड्यात त्या वाटेवर कुणाचा तरी फोन हिसकावला. ही रोज ऑफिसातून बसनं येते आणि स्टॉपपासून त्याच वाटेनं घरी. म्हणजे प्रश्न घरचाच. ही म्हणाली, 'तुम्ही नका त्यात पडू.' मोठ्या कामाआधी बायका हेच म्हणतात.

४ फेब्रुवारी
नेटवर विषयाचा सखोल अभ्यास. अर्धं पान वाचलं, मुद्दा लक्षात आला. लपायला जागा नको, उजेड हवा, रिकामटेकडे नकोत. उद्यापासून रोज पहाटे प्रत्यक्ष पाहणी.

५ फेब्रुवारी
जाग आली नाही. पाहणी गॅलरीतून केली. अर्धी वाट दिसते. उरलेली डोळ्यांसमोर आणता येते.

९ फेब्रुवारी
वाटेकडेची झुडपं मुळासकट काढून टाकली. आता कालवा स्वच्छ दिसतो. शेजारच्या मेजरच्या बाथरूमची खिडकीही दिसते. (मेजर सैन्यात कधीच नव्हता. नुसत्या मिशा आहेत.) भांडायला आला. मी समजावलं, दृश्यता वाढली आहे. तो म्हणाला, फक्त माझी वाढली आहे.

१३ फेब्रुवारी
बाकं उखडली. त्यांवर रोज संध्याकाळी चार-पाच म्हाताऱ्या मटार सोलत सुनांची उणीदुणी काढत बसायच्या. शेजारचा चहावालाही हलवला. रिकामटेकडे गेले की गुन्हा गेला, हे शास्त्र. ही म्हणाली, 'अहो, त्या बसलेल्या असतात म्हणून तर मी बिनघोर येते.' भावना समजली. पण शास्त्र ते शास्त्र.

२० फेब्रुवारी
प्रचंड दिवा बसवला. लांबून विमानतळ वाटतो. चालणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो आणि पुढचं काही दिसत नाही, अशी किरकोळ तक्रार आहे. मेजरच्या बायकोला झोप लागत नाही, म्हणून तूर्त बंद.

२६ फेब्रुवारी
वाटेच्या तोंडाशी बोर्ड लावला. 'सावधान! येथे लुटले जाण्याची शक्यता आहे.' परिणाम तत्काळ. वाटेवर चिटपाखरू नाही. गुन्हे शून्य! मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'बाबा, माणसंच नाहीत तर लुटणार कुणाला?' पिकतं तिथं विकत नाही.

४ मार्च
हिची पर्स गेली. मागून एकानं ओढली, ही पडली, गुडघा सोलवटला. खूप ओरडली म्हणे. ऐकायला कुणी नव्हतं.
मला काहीही बोलली नाही. जेवायला वाढलं, भाजी हवी का विचारलं. बोलली असती तर बरं झालं असतं.
पर्स लाल होती. लाल रंग लक्ष वेधतो. हा मुद्दा तिच्याजवळ काढलेला नाही.

७ मार्च
आजपासून हिला आणायला स्वतः जायचं ठरवलं. काठी, शिट्टी, बॅटरी. निम्म्या वाटेत मागून भराभर पावलं वाजली. मी पुढचा मार्ग मोकळा आहे का ते बघायला झपाट्यानं पुढे गेलो. हिच्या मते, पळालो. मागून येणारी त्या मटारवाल्यांतली एक म्हातारी होती, हिचा गुडघा कसा आहे विचारायला. हिला हाताला धरून तिनंच घरापर्यंत आणलं. मी फाटकाशी सज्ज होतो.

१० मार्च
पालिकेनं वाटेला दोन्हीकडून कुलूप घातलं. म्हणजे गुन्ह्यांची शक्यता कायमची संपली. समितीला याहून मोठं यश कुठलं? समिती बरखास्त. आभाराचा ठराव मी मांडला. अनुमोदनही मीच दिलं.

१२ मार्च
ही आता मोठ्या रस्त्यानं वळसा घालून येते. संरक्षणासाठी आणायला गेलो. ट्रक, टँकर, बस, खंड म्हणून नाही. मी योग्य क्षणाची वाट बघत बराच वेळ कडेला उभा. शेवटी ही म्हणाली, 'चला,' माझा हात धरला आणि मला पलीकडे नेलं.
पलीकडे गेल्यावरही तिनं हात सोडला नाही. मला वाटलं, माझा आधार वाटतो. मग खाली बघितलं. ही लंगडत होती.
विचारलं, कधीपासून? म्हणाली, 'पडले तेव्हापासून.'