सुलाबाईच्या नावाची आणि डंकाची निरवानिरव

माझ्या डंकावर वर्षाचे मसाल्याचे तिखट, म्हणजे आपली चटणी, कांडून नेणाऱ्या निपाणीच्या आणि आसपासच्या गावांतल्या आयाबहिणींनो, हे मृत्युपत्र कायद्याने माझ्या मुलांसाठी असले, तरी ते तुम्हीही ऐकावे म्हणून लिहितो आहे. आपलीच मिरची, आपलीच चव, आपल्याच माणसाचे नाव, आणि तेच आता पाकिटात भरून आपल्यालाच विकायला काढले आहे. ही लूट माझ्या एकट्याच्या घरातली नाही.

मी, यल्लाप्पा मष्णू शिंगे, वय चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, धंदा मिरची कांडप, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत. तिथे मिरची बसली आहे. हे मी कोणाच्या दबावाने लिहीत नाही. दबाव आला होता, त्याला मी दार दाखवले. ते पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

डंकामागच्या दोन खोल्या आणि बँकेत जे काही उरेल ते, मुलगा समाधान व मुलगी पारमिता यांना समसमान. लेकीला बरोबरीचा वाटा कशाला, असे भावकीने आडून विचारले आहे. त्यांना कळावे, की मी चाळीस वर्षे व्यासपीठावरून समतेवर बोललो. ती माझ्याच उंबऱ्यात मोडली, तर माझी सगळी भाषणे भुसा ठरतील.

पुस्तके पारमिताला. ती बेळगावात कॉलेजात शिकवते आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचते. समाधान बंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे. तो सारांश वाचतो.

डंक, म्हणजे लोखंडी मुसळांचे ते कांडप यंत्र, मोटार आणि चाळण्यांसह राजाबाईला. ती आमच्याकडे तरुणपणी चाळायला आली आणि तिथेच म्हातारी झाली. हे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मला नगं आप्पा. गिऱ्हाईक कुठं ऱ्हायलंय? त्ये लोखांड काय उरावर घिऊ?" तिचे खरे आहे. तरी डंक तिचाच. चालवावा की भंगारात घालावा, हे तिने ठरवावे. माझ्या मुलांनी तिला त्याबद्दल एक शब्द विचारू नये.

आता नावाबद्दल. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मी आणि माझी पत्नी सुलाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होतो. ती सोडून आम्ही डंक घातला. पहिला उन्हाळा आमच्याच बौद्ध वस्तीतल्या गिऱ्हाइकांवर निघाला. मग बाजारातल्या जुन्या डंकावर रांग लांबली आणि शेतकऱ्यांच्या घरच्या बायका आमच्याकडे वळल्या. त्यांनी आपापसांत निकाल लावला होता, "मिशनीला कसला आलाय इटाळ?" मिरची आमच्या यंत्रात चालत होती. पण खोबरे, धणे, तीळ, लवंगा सगळे घरून भाजून येई, आणि सुलाबाईने त्याला हात लावायचा नाही. माझे रक्त उकळे. मी तोंड उघडले की ती म्हणे, "तुमचं भाषान भाईर. हितं गिऱ्हाईक हाय."

एका वर्षी अंबुबाई चौगुले मसाला कच्चाच घेऊन आली. घरात लेकीचे लग्न, माणसांचा राबता.

"सुला, माझ्यानं न्हाय हुईत. तूच भाज गं."

"माझ्या हातचं चालंल?"

"हात धुतलायस न्हवं? मग भाज की!"

जात मोडण्यावर मी मोठमोठी भाषणे ऐकली आहेत, दिलीही आहेत. एवढे लहान आणि एवढे कामाचे एकही नव्हते.

त्यानंतर सगळ्याच भाजायला सांगू लागल्या. कोणाच्या घरी खोबरे काळपट होईपर्यंत लागे, कोणाला लवंग खपत नसे, कोणी संकेश्वरी मिरचीत ब्याडगी घालून लाल रंग आणी. सुलाबाईने एकदा ऐकले की ते तिच्यापाशी राही. पुढे सांगणेही थांबले. बाई डबा ठेवी, "सुला, नेहमीचं," म्हणे आणि बाजाराला जाई. या एका शब्दावर आमचा धंदा उभा राहिला. आम्ही कधी जाहिरात केली नाही. सदलग्याला दिलेली, शहापूरला दिलेली लेक उन्हाळ्यात माहेरी आली की आमच्याकडे येई आणि सांगे, "आईचं नेहमीचं."

आणि एका घरचे प्रमाण दुसऱ्या घरी कधी गेले नाही. "माझ्या जावंच्या चटणीत काय घालतीस गं?" असे कोणी विचारले, की सुलाबाईचे उत्तर ठरलेले असे, "तिखाट घालतो."

मी तिला म्हणालो होतो, हे लिहून ठेवूया. ती म्हणाली, "लिवलं की कोनबी वाचंल. लोकांचं हाय त्ये, पोटात ऱ्हाऊ दे."

तीन वर्षांपूर्वी श्रावणात ती गेली. सकाळी चहा ठेवला आणि तिथेच बसली, ती उठली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अंबुबाईची सून रूपाली डबा घेऊन आली. "आप्पा, नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे काय काय, बाळ?"

"ते मला कुठलं ठावं? सासूबाईंनी एवढंच सांगितलंय." तिने फोन लावला. पलीकडून अंबुबाई ओरडली, "अगं मला काय इचारतीस? सुलाला ठावं हाय की!"

मग तिचे तिलाच आठवले आणि तिने फोन ठेवला.

अंबुबाई स्वतः आली. आमच्या तव्यापुढे बसून तिने भाजले, चाखले, पुन्हा भाजले. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाली, "न्हवं रं यल्लाप्पा. ह्ये आमचं न्हवं."

तो सगळा उन्हाळा असाच गेला. डबे येत होते, शब्द तोच होता, आणि त्याच्या आत काही नव्हते. आमची म्हणून काही चटणी कधी नव्हतीच. आमच्याकडे तुमची ठेव होती. आम्ही ती इतकी इमानाने सांभाळली की तुमच्या घरात तिचा माग उरला नाही. एवढे वाचले, एवढे बोललो, पण इमानाचा शेवट असाही होतो हे मला कोणत्याच पुस्तकात सापडले नाही.

गेल्या दिवाळीत समाधान एका कंपनीचा माणूस घेऊन आला. त्या माणसाला चटणी म्हणजे नारळाची वाटतात ती वाटली होती. तो विचारत होता, फ्रीजमध्ये किती दिवस टिकते? राजाबाई हसून बेजार झाली. मी हसलो नाही, कारण त्याच्या कागदावर नाव होते, 'सुलाबाईंची नेहमीची'.

"आप्पा, आईचं नाव घराघरांत पोचंल," समाधान म्हणाला.

"त्ये पोचलेलंच हाय रं. आत काय भरनार?"

"लॅबमध्ये ठरवत्यात. सगळ्यांस्नी आवडंल अशी एकच चव."

एकच चव! जिने शेजारणीचे शेजारणीत मिसळू दिले नाही, तिच्या नावाने! मी आयुष्यभर समता मागितली. सगळ्यांच्या जिभा एक करणे म्हणजे समता नव्हे. समता ही होती, की कोणाचाही डबा असो, त्याला त्याच्या घरची चव मिळे.

मी सही केली नाही. समाधानला लोभी म्हणू नका. त्याला खरोखर वाटते की तो आईचा मान वाढवतो आहे. लोभ असता तर मला भांडता आले असते.

म्हणून डंकाच्या बोर्डावरचे 'सुलाबाई' हे नाव आणि त्याचे सर्व हक्क मी एकट्या पारमिताला देतो. तिने ते कोणालाही, भावालाही, वापरायला देऊ नये. वकिलांनी सांगितले, "नाव राखता येईल आप्पा, पण 'नेहमीची' हा शब्द कुणाच्या मालकीचा नाही." म्हणजे कंपनी दुसऱ्या कोणत्या बाईचे नाव लावील आणि विकील. तुम्ही घ्याल. तुमच्यातल्या काहींनी पाकीट कधी येणार म्हणून मला विचारलेही आहे. मी कोणाला दोष देत नाही. पण माझी आशा तिथेच संपली.

माझ्या शोकसभेत माइक लावू नये. माझ्यामागे हे मृत्युपत्र डंकाच्या दारात पारमिताने मोठ्याने वाचावे.

ऐकणाऱ्या बायांनो, काही घरांत अजून एखादी म्हातारी आहे, जिने सुलाबाईवर सोपवण्याआधी स्वतः भाजले होते. अंबुबाईला आठवले नाही. तुमच्या म्हातारीला आठवेलच असे मी म्हणत नाही. तरीही आज घरी गेल्यावर चूल पेटवा, तिच्यापुढे तवा आणि मसाल्याचे डबे ठेवा, सुनेला शेजारी बसवा, आणि तिचा हात कशाकडे जातो ते बघा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

(सही) यल्लाप्पा मष्णू शिंगे

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. अंबुबाई चौगुले, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
२. विक्रम खोत, मोटार रिवायंडिंग, शेजारी (सही)

निपाणी, ९ फेब्रुवारी २०२५