प्लायवरचं चुकलेलं भोक

आबा, गॅरेजच्या भिंतीचा प्लाय काल काढला. ओल धरून खालून पार भुगा झाला होता. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी अजून त्याच भिंतीपुढं उकिडवा बसलोय. राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून कागद घेतलाय.

ही भिंत केली त्या वर्षी इस्लामपुरात उसाचे ट्रॅक्टर आपल्या दारात रांग लावून उभे असायचे. मला पुण्यात कारखान्यात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. "तेवढी भिंत करून जा की," तुम्ही म्हणालात. पाने-पकडी टांगायला भिंतभर प्लाय ठोकायचा, पण स्विचच्या पेट्या उघड्या राहायला हव्यात. मी म्हटलं, "आबा, मला हे जमायचं न्हाई." "न जमायला काय झालं? हिकडं बघ." तुम्ही देवाच्या फोटोपुढचं कुंकू तेलात कालवता, पेटीच्या कडांना बोटानं लावता, प्लाय त्यावर दाबून बुक्की मारता. काढला की मागच्या अंगाला लाल चौकोन उमटलेला. "ह्याच अंगानं काप. पालथा करून ह्येच माप पुढनं धरलंस तर डावीकडचं भोक उजवीकडं जाईल. समदी हितंच फसत्यात," एवढं सांगून तुम्ही चहाला गेलात.

तुम्ही परत आलात तेव्हा प्लाय भिंतीला लावलेला होता. पेटी लाकडामागं गडप, आणि भोकातनं नुसती भिंत दिसत होती. आता तुम्ही भडकणार, असल्या गाढवाचा हितं काय उपयोग, जाऊ दे पुण्याला म्हणणार, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. तुम्ही भोकाच्या कडेवरनं दोनदा अंगठा फिरवलात. "भोक चुकलंय. पण कड बघ की रं. तीस वर्षांत मला अशी कड आली न्हाई." मग शेजारच्या टायरवाल्याला बोलावून दाखवलंत. येईल त्या ट्रॅक्टरवाल्याला दाखवलंत. सोमवार आला नि गेला, तुम्ही इतके खुशीत होता की पुण्याला जायची बांधलेली पिशवी मी परत सोडून ठेवली. त्या दिवशी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो, आबा. पुढं दोन वर्षांत तुम्ही गेलात आणि शटरची किल्ली माझ्या खिशात आली.

पेट्यांवर तुम्ही दुसरा प्लाय ठोकलात, तोच काल काढला; चुकलेला मात्र कामाच्या टेबलावरच्या भिंतीला टांगलात, तो अजून तिथंच आहे. आई त्यावरची धूळ पुसते. मला तो डोळ्यापुढं नकोसा होतो, पण काढवत नाही. आज नवा प्लाय घेतला, कुंकू लावलं, कापला, आणि पेट्या एका दमात बसल्या. हात आता चुकत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. तुमचं सांगणं मी नीट ऐकलं होतं. भोक मी मुद्दाम चुकवलं. कड तेवढी वाकडी कापवली नाही.