साखळीची रेघ

डनॉली,
सोमवार, १९ मे २०१४

प्रिय नेव्हिल, माझ्या एकुलत्या एका दिरा,

तू बरा आहेस असं धरून चालते. दरवर्षी नाताळला तुझं कार्ड येतं, त्यात नुसतं 'नेव्हिल' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून माणूस जिवंत आहे इतकंच कळतं, बरा आहे की नाही ते कळत नाही. तुझी लेक जोडी कशी आहे? तिच्या घरी राहतोस तर तिला जरा मदत करत जा, नुसता ओट्यावर बसून संत्री सोलू नकोस. तुमच्या मिल्ड्युराची संत्री इथल्या दुकानात येतात. मी घेते, आणि तू तोडली असशील असं समजून खाते. गेल्या खेपेची आंबट होती.

इथे सगळं ठीक. मे आला तशी थंडी सुरू झाली, सकाळी गवतावर पांढरं दिसतं. पलीकडच्या शेतात गव्हाची पेरणी चालू आहे. पांढऱ्या काकाकुव्यांनी छपराच्या पन्हळीचं लाकूड कुरतडून ठेवलंय, क्लाइव्ह रोज त्यांना शिव्या देतो आणि ते रोज येतात. बेकरीवाल्या मर्लने गुडघा बदलून घेतला आणि आता तेवढ्या एका गुडघ्यावर ती तासभर बोलू शकते.

क्लाइव्ह बरा आहे. चौऱ्याहत्तरीचा माणूस जितका बरा असावा तितका. अजून रोज रानात जातो. सोनं शोधायचं मशीन खांद्याला, कुदळ कमरेला, आणि कुठली जमीन तपासून झाली ते कळावं म्हणून मागे ती साखळी फरफटत. अजूनही त्याची साखळी मातीत रेघ ओढत जाते, आणि अजूनही त्या रेघेवर दुसऱ्याने पाय ठेवलेला त्याला खपत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तुझ्या भावाचं तसं आहे.

सोनं मात्र मिळत नाही. म्हणजे कधीतरी वाटाण्याएवढा एखादा तुकडा मिळतो, आणि मग दोन महिने नुसते खिळे, छर्रे आणि बाटल्यांची झाकणं. तू इथे होतास तेव्हा तुमच्या बरणीत सगळा बारीक मालच असायचा, गव्हाच्या दाण्याएवढा, तांदळाच्या कणीएवढा. तू गेलास आणि बारीक सोनं बंदच झालं. क्लाइव्ह म्हणतो, "जमीन संपली. नेव्हिलने वेळेवर पाय काढला." मीही तसंच समजत होते. मला काय कळतंय त्यातलं? सोन्याची हौस तुम्हा भावांची, मी डबे भरून देणारी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर हे पत्र गुडघे आणि काकाकुवे करतच संपेल.

एप्रिलमध्ये क्लाइव्ह रानात पडला. फार नाही, मनगट मुरगळलं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं की एकट्याने जायचं नाही. त्यावर त्याचं म्हणणं, "मग घरात बसून काय अंडी उबवू?" शेवटी मी म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर. हसला. पण शेडमध्ये जाऊन तुझं जुनं मशीन काढून आणलं त्याने, जे तू सोडून गेलास ते. आणि ऐक, त्याची बॅटरी भरलेली होती. सहा वर्षं त्या मशीनला कोणी हात लावला नव्हता, मला तरी लावू दिला नव्हता. मग बॅटरी कोण भरत होतं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माकडाने भरली म्हणाला असता.

मनगट बरं झाल्यावर, गेल्या आठवड्यात आम्ही रानात गेलो आणि त्याने मला शिकवलं. मशीनच्या दांड्याची थाळी जमिनीला लागून हळू फिरवायची, कानात तो सूं आवाज चालू असतो, आणि खाली काही असलं की आवाज चढतो. मग म्हणाला, "माझ्या रेघेच्या डाव्या बाजूने चाल, रेघेवर येऊ नकोस," आणि हेडफोन लावून चालू लागला. मला त्या झुडपांमध्ये दोन झाडं सारखी दिसतात. हरवायची भीती वाटली. म्हणून मी त्याची रेघ सोडली नाही, सरळ तिच्यावरूनच चालत राहिले. त्याची पाठ पुढे होती, त्याला काय दिसणार?

आणि नेव्हिल, रेघेवर माझ्या कानात काहीतरी झालं. आवाज चढला नाही. तो सूं नुसता जरासा अडखळला, बोलता बोलता कोणी आवंढा गिळावा तसा. मला वाटलं मशीन बिघडलं. परत फिरवलं, परत अडखळला. "क्लाइव्ह!" म्हणून हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. मग मीच उकरलं. गव्हाचा दाणा. पिवळाधमक. त्या रेघेवर जेवायच्या वेळेपर्यंत मला तसे तीन मिळाले, आणि त्याच रेघेवरून माझ्या पुढे गेलेल्या तुझ्या भावाच्या खिशात फक्त खिळे होते.

मी दाखवायला निघालेच होते. तो थर्मासमधला चहा ओतत बसला होता, मला म्हणाला, "दमलीस ना? काही मिळत नाही गं आता. पण हवा छान आहे." इतका समाधानी दिसत होता की माझे हात खिशातच राहिले. घरी येऊन ते दाणे गुपचूप त्याच्या आताच्या बरणीत टाकले.

मग माझं लक्ष एकेका गोष्टीकडे जायला लागलं. चहाची किटली शिट्टी मारून मारून दमते आणि हा तिथेच बसून पेपर वाचत असतो. टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारच्या मर्लला तिच्या घरात बातम्या कळतात. मी म्हणायचे, लक्षच देत नाही मेला. लक्ष नाही, त्याला ऐकूच येत नाही. मोठे आवाज येतात, बारीक येत नाहीत. आणि हे काही आजचं नसणार.

त्या दिवसापासून मला तूच दिसतोस. तू त्याच्या मागे मागे चालायचास. क्लाइव्ह तुला गोगलगाय म्हणायचा, सगळ्यांसमोर म्हणायचा, "माझं शेपूट अजून आलं नाही, चहा थांबवा." आणि तू हसायचास. तुम्ही दोघं अर्ध्या वाट्याचे भागीदार, जे कोणाला मिळेल ते एकाच बरणीत. बारीक दाणे तू त्याच्या रेघेवरून उचलायचास आणि त्याच बरणीत टाकायचास, हो ना? त्याला कळू न देता. आणि सहा वर्षांपूर्वी ईस्टरला सगळ्यांनी रानात तळ ठोकला होता, तिथे त्याने तुला रेघेवर उकरताना पाहिलं आणि चार लोकांत चोर म्हणाला. चोरीचा माल भागीदाराच्या बरणीत टाकणारा चोर मी तरी जगात पाहिला नाही! तू मशीन ठेवलंस, बरणी गाडीच्या बॉनेटवर ठेवलीस आणि निघून गेलास. नेव्हिल, तू मूग गिळून का बसलास? एक शब्द बोलला असतास! मला तुझा राग येतो, खरंच येतो. आणि मग वाटतं, काय बोलणार होतास? 'दादा, तुला ऐकू येत नाही' असं चार लोकांत म्हणायचं, की चोर म्हणवून घ्यायचं, यातलं एक तू निवडलंस. त्या दिवशी मी तिथेच बटाटे भाजत होते, आणि तुझ्या बाजूने मीही तोंड उघडलं नाही. या गोष्टीचं मला रडू येतं, आज लिहिताना पण आलं.

काल रविवार. जेवण झाल्यावर त्याने नेहमीप्रमाणे बरणी पांढऱ्या बशीत ओतली. काडीने दाणे इकडे तिकडे केले आणि थांबला.

"हे कुठले?"

"बरणीतले."

"ते दिसतंय. मी आंधळा नाही. पण मी उकरलेला एकूण एक तुकडा मला ओळखू येतो, आणि हे माझे नाहीत."

"माझे आहेत."

"कुठे मिळाले तुला?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "तुझ्या साखळीच्या रेघेवर. तू पुढे गेल्यावर."

"काय?"

मला ते दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. आपल्याच स्वयंपाकघरात, समोरासमोर, ओरडून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं, हे मलाही कळलं.

मग उठला आणि कपाटातून तुमची जुनी बरणी काढली, तू बॉनेटवर ठेवलेली. सहा वर्षांत त्याने तिचं झाकण उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती बशीत ओतली. सगळे बारीक दाणे. त्यांच्यावरून काडी फिरवत राहिला.

"तेव्हा कधी नीट पाहिलंच नाही. मी समजत होतो यातले निम्मे मी काढलेत," तो म्हणाला. "यातला एकही नाही ओळखीचा."

मग बशीकडे पाहतच म्हणाला,

"तो नेहमी माझ्या मागेच असायचा."

"हो."

"आणि मी त्याला काय म्हणालो, ग्लेनिस."

त्याने दाणे परत बरणीत भरले. एक खाली सांडला तर गुडघे टेकून शोधला, सापडेपर्यंत उठला नाही.

आज सकाळी मी विचारलं, नेव्हिलला पत्र लिहिते आहे, तुझ्याकडून काही लिहू? "काही नको," म्हणाला. नाकावर माशी बसू देत नाही, माहीत आहे ना तुला. मला घेऊन जायलाही तयार नव्हता, कुंपणाच्या आतच राहतो म्हणाला. टोपी घातली, मशीन घेतलं, पायऱ्या उतरून गेला. नेहमी तो गेला की अंगणातून साखळीची खळखळ ऐकू येते. आज आली नाही. मी दाराशी जाऊन पाहिलं, तर साखळी आत खुंटीला अडकवलेली. कुंपणापर्यंत गेला, इतका हळू चालत होता तो, नेव्हिल, आणि मागे मातीत एकही रेघ नव्हती.

तुझं मशीन त्याने जाताना ओसरीवर आणून ठेवलंय. बॅटरी भरलेली आहे.

ये.

तुझी वहिनी,
ग्लेनिस