सुकलूचं पाचवं मरण

आदरणीय धनराजभाऊंना वडशाहून मावसभाऊ अंकुशचा नमस्कार. तुमची तब्येत, बोटं आणि गिटारच्या तारा सुखरूप असतील अशी आशा. इकडे आम्ही बरे आहोत. सुकलूची कंबर तेवढी तुमच्या जाझमुळे अजून दुखते.

भाऊ, तुम्ही पुण्यामुंबईत नाव काढलंत, लोक डोळे मिटून तुम्हाला ऐकतात (माझी बायको वच्छला म्हणते, झोपतात), याचा मला अभिमान आहे. म्हणूनच क्लॅरिनेटवाला आजारी पडला तेव्हा मीच मंडळाच्या मालकांच्या, इतवारीभाऊंच्या, हातापाया पडून तुम्हाला चिमूरकडच्या नाटकात वाजवायला बसवलं. सुकलूच्या मरणाच्या प्रवेशाला तुम्ही असं वाजवलंत की बाया पदर डोळ्यांना लावून रडल्या. मग वन्समोअर आला. आता वन्समोअर आला की आपल्या झाडीपट्टीत मेलेल्यानंही उठायचं आणि जसाच्या तसा पुन्हा मरायचं (त्या मरणाला मी बावीस वर्षं ऑर्गनवर एकच चाल वाजवतोय). सुकलू उठला, मेला. तुम्ही मात्र भलतंच वाजवलंत. पब्लिकला वाटलं, आपल्याला फसवलं; पहिलंच पाहिजे म्हणून पुन्हा वन्समोअर. पुन्हा वेगळंच. पाचव्यांदा सुकलू पडल्या पडल्या म्हणाला, "भाऊ, एक डाव तरी पहिल्यासारखं वाजवा, मले मरू द्या ना."

आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "तेच पुन्हा वाजवणं मले येत नाई."

शेवटी पडदा पाडावा लागला. गिटार मंडळाच्या गाडीत पुन्हा चढणार नाही, असं इतवारीभाऊंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तेव्हा कृपा करून पुढच्या हंगामात येऊ नका. तुमची विद्या तुमच्यापाशीच ठेवा, आमच्या मंडळावर तिची सावली नको.

तुमचा,
अंकुश

ता. क. : गिटारचं कव्हर इथंच राहिलं. वच्छलानं त्यात मोहफुलं भरून ठेवलीत, त्यामुळे ते परत मिळण्याची आशा सोडा.

ता. क. दुसरा : सावली पडलीच भाऊ. गेल्या महिन्यात त्याच मरणाला माझा हात चाल सोडून गेला. वन्समोअर आला, तर मी तिसरंच वाजवलं. मालक म्हणतात, अंकुशचा हात गेला, आणि नवा ऑर्गनवाला शोधताहेत. गिटारवर राग असला तरी पेपरातला तुमचा फोटो त्यांनी कापून ठेवलाय. त्यांना फोन करून एवढं सांगा, की ही चूक नाही, याला जाझ म्हणतात. ऑर्गन सोडून मला दुसरं काही येत नाही, मला फार भीती वाटतेय.

ता. क. शेवटचा : पहिल्यांदा हात खरंच घसरला होता. वन्समोअरला मात्र मी मुद्दाम घसरवला. बावीस वर्षांत एवढी मजा आली नव्हती. हे मालकांना सांगू नका. सुकलूला तर मुळीच नको.