फळ्यावर जे नव्हतं

बाबा, चार दिवस झाले, मी फळ्यावर काही लिहिलेलं नाही. फळा म्हटलं की तुम्हाला, तुम्ही रोज खडूनं बातम्या लिहायचात ती बार्शीटाकळीच्या स्टँडसमोरची वाचनालयाची भिंत आठवेल, पण माझा फळा फोनमध्ये आहे. तुम्ही गेल्यानंतर आलेली ही सोय. सकाळी आंघोळीआधी मी सात-आठ ओळी लिहायची आणि अमरावतीतल्या, आसपासच्या गावांतल्या काही शे माणसांना त्या एकदम पोचायच्या. नळ किती वाजता येणार, कुठला रस्ता खोदलाय, कुठल्या दवाखान्यात आज डॉक्टर नाहीत, कोण गेलं. कुणाकडून काही घेतलं नाही, कुणाची जाहिरात लावली नाही. नावही तुमच्यावरूनच, नुसतं 'फळा'. उरलेला दिवस मी राजापेठेतल्या एका कार्यालयात बसते, जिथे बातम्या विकल्या जातात. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं. तुम्हाला ते आवडलं नसतं. तुम्ही विकतच्या पेपरला कधी नावं ठेवली नाहीत.

फळ्याशेजारी चाचांची पेपरची टपरी होती. तुम्ही खडू हातात घेतला की ते रोज तेच म्हणायचे, "गुरुजी, तुमी सारं फुकट वाचू देता, मंग माहा पेपर कोन घेईन?" आणि हेच चाचा गठ्ठा सोडला की पहिला पेपर तुमच्या हातात द्यायचे. अट एकच, घडी मोडायची नाही, कारण तो नंतर विकायचा असे. मला अजून दिसतं, लहानगी मी समोर उभी आहे, दोन्ही हातांनी खालचे कोपरे धरलेले, आणि तुम्ही पान अर्धंच उचलून आत डोकावताय, शेजारणीच्या पातेल्यात डोकावावं तसं. देशाच्या, राज्याच्या बातम्या तुम्ही मथळ्यापुरत्या लिहायचात आणि खाली 'सविस्तर शेजारी'. गावच्या मात्र पूर्ण, कारण त्या पेपरात येतच नसत. लोक फळा वाचून टपरीकडे सरकायचे. फुकटची बातमी आणि विकतची बातमी शेजारी शेजारी जगू शकतात याचा मी पाहिलेला पुरावा तेवढा एकच. तोही तुमच्या पगारावर उभा होता, हे मला फार उशिरा कळलं. फळा फुकट होता, कारण शाळेतून तुमचा पगार येत होता. माझा फुकट आहे, कारण मला पेपर पगार देतो. एखादी गोष्ट खरी की खोटी हे मी विचारते तेही पेपरच्याच वार्ताहरांना. मग माझ्या फळ्यात माझं असं काय आहे, हे मी डायरीत बऱ्याचदा लिहिलंय, उत्तर न देता.

मी दहा वर्षांची असताना तुम्ही फळ्यावर एका जिवंत माणसाच्या निधनाची बातमी लिहिली होती. गेला होता त्याचा चुलतभाऊ. दुपारी तो माणूस स्वतः येऊन फळ्यासमोर उभा राहिला, सगळं वाचलं आणि म्हणाला, "गुरुजी, आता तेरवीचं आवतनबी लिवून टाका, मी येतो जेवाले." स्टँडवर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं मला चिडवतील म्हणून मी पहाटेच जाऊन ओल्या फडक्यानं ती ओळ पुसली. तुम्ही रागावला नाहीत. खडू माझ्या हातात दिलात आणि तीच चुकीची ओळ मला माझ्या अक्षरात पुन्हा लिहायला लावलीत. मग तिच्याखाली स्वतः लिहिलंत, 'ही बातमी चूक होती. मी घरी जाऊन विचारलं नाही.' तीन दिवस दोन्ही ओळी तशाच ठेवल्या. मी रडत होते तेव्हा एवढंच म्हणालात, "लोकायनं वाचली ना? मंग आता ते पुसाची नाई, तिच्याखाली लिवाची." तुम्ही घरी प्रमाण बोलायचात. वऱ्हाडी आली की समजायचं, यापुढे बोलणं नाही.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. तिवश्याहून एक गृहस्थ कार्यालयात आले. त्यांच्या मुलीची सरकारी नोकरीसाठी निवड झाली, आणि इथल्या एका मोठ्या शिकवणी वर्गानं तिचा फोटो 'आमची विद्यार्थिनी' म्हणून आमच्या पहिल्या पानावरच्या जाहिरातीत छापला. मुलगी त्या वर्गात कधी गेलेलीच नाही. ती गावातल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकली. विहारातल्या माणसांनी पाळीपाळीनं ती खोली उघडली, झाडली, पुस्तकं आणून दिली. त्या माणसांना आता वाटतं की पोरगी शिकली अमरावतीला आणि बाप गावात उगाच अभ्यासिकेचं नाव सांगत फिरला. तिनं विहारात जाणं सोडलंय, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही. अभ्यासिकेच्या हजेरीची वही पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, मी सांगतो थे कोनी आयकून नाई रायलं. पेपरात आलं म्हंजे लोकायले खरंच वाटते. मंग खरं काय थे बी पेपरातच या लागन ना?"

यावेळी मी घरी जाऊन विचारलं, बाबा. तिवश्याला गेले, मुलीशी बोलले, विहारात दोघांना भेटले. मग आमच्या साहेबांकडे, म्हणजे संपादकांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत, हे तुम्हाला आधी सांगते. त्यांनी वही चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले की आपल्याकडे छापून येणार नाही. मग चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "तुझ्या फळ्यावर टाक. मी वाचत नाही म्हणून समज." दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकलं. चार साध्या ओळी. दुपारपर्यंत त्या कुठून कुठे गेल्या. तिवश्याच्या त्या गृहस्थांचा फोन आला, म्हणाले, विहारातून दोघं घरी आले होते, चहा घेऊन गेले. त्यांचं बोलणं ऐकताना मला तुमच्या खडूची भुकटी बोटांवर लागल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. वर्गवाल्यांना कळलं होतं की फळा लिहिणारी पगार कुठे घेते. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उद्याचं पहिलं पान माझ्यासमोर धरलं. वर्गाच्या जाहिरातीच्या जागी पांढरा चौकोन होता. "इथं काय लावू, तूच सांग," ते म्हणाले. पुरवणीतल्या कुणाकुणाचं काम त्या चौकोनावर चालतं हे त्यांनी सांगितलं नाही, मला माहीतच आहे. त्यातल्याच एकानं मला तिवश्याचे फोन नंबर मिळवून दिले होते. मी तिथेच उभ्या उभ्या ती बातमी पुसली. ओल्या फडक्याचीही गरज नसते आता. बोट दाबलं की सगळ्यांच्या फोनमधून जाते, आणि तिच्या जागी काहीतरी पुसल्याची एक करडी ओळ राहते. का पुसली, असं लोकांनी विचारलं. मी लिहिलं, 'खात्री करून पुन्हा कळवते.' खात्री तर झालेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा पुन्हा फोन. जाब विचारायला नव्हता. फार हळू बोलत होते. "मॅडम, माह्याकून सांगन्यात काई चुकलं काय? वही पाह्यजे असन तं पुन्हा आनून देतो." मी म्हटलं, नाही हो, तांत्रिक अडचण आहे. ते बरं म्हणाले आणि तब्येतीला जपा म्हणाले. त्यानंतर मी फळ्यावर नळाची वेळसुद्धा लिहू शकलेले नाही. 'पुसलेली बातमी खरी होती' ही ओळ रोज सकाळी टाइप करते, तिच्याकडे बघते आणि फोन पालथा ठेवते.

काल रविवार होता. अकोल्याला उतरून बार्शीटाकळीची गाडी धरली. तुमच्या फळ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकलाय. खालच्या कोपऱ्यात थोडा काळा रंग दिसतो. टपरीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात, चाचांचा मुलगा ती चालवतो. चाचा मागे खुर्चीत बसलेले असतात, कमी दिसतं, पण आवाजावरून मला ओळखलं. येताना रस्ताभर माझ्या डोक्यात एकच होतं. पावसाळ्यात तुमच्या शाळेत तिसरीचा वर्ग गळायचा, आम्ही दप्तरं डोक्यावर धरून पाढे म्हणायचो. गावातल्या पुलाचं, दवाखान्याचं, रेशनचं सगळं तुम्ही लिहिलंत. पण जिथून तुमचा पगार यायचा त्या शाळेचं छप्पर फळ्यावर आलेलं मला आठवत नाही. मी चाचांना विचारलं, बाबांनी कधी एखादी बातमी सोडली होती का, जाणूनबुजून? ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग म्हणाले, "मी तं गुरुजीनं लिवलं थे वाचो, बेटा. जे लिवलंच नाई थे मी कसं वाचीन?" मग त्यांनी मुलाला माझ्यासाठी चहा सांगायला लावला.

हे पत्र डायरीच्या मागच्या पानांवर लिहितेय, म्हणजे ते इथेच राहणार. धीर द्या, वाट दाखवा, असं काही मागण्यासाठी ते नाही. छपराचं तुम्ही लिहिलंही असेल, मीच विसरले असेन. पण काल परतीच्या गाडीत पूर्ण वेळ मी मनातल्या मनात एकच गोष्ट मागत होते, बाबा. तुम्ही ते लिहिलेलं नसावं.