डाव्या नळीची गोळी

प्रिय शुवाई,

अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर डोळ्यांना दोष देऊ नकोस. मंगळवारपासून हेच लिहितोय. तीन कागद फाडले, हा चौथा. चार वर्षांत मी तुला निरोप धाडले ते फक्त करिबा तळ्याचे सुके मासे पाठव म्हणून. तूही पाठवत राहिलीस, सोबत कधी एक ओळ नाही. मी म्हणायचो, पोरीचा राग नाकावर आहे. काय अक्कल माझी!

इकडची खबर अशी की शिकारीच्या कॅम्पच्या मालकाला आपली दुनळी हवी आहे. नवा शिकारी ठेवलाय, त्याच्यासाठी. तुझ्या हातातून सुटल्यापासून ती कपाटातच होती. मालक म्हणाला, वीस काडतुसं भरून दे, तुझ्यासारखी या खोऱ्यात कोणी भरत नाही. मी फुगलो. जुनी वही काढली, पितळी पुंगळ्या घासल्या, तराजू पुसला. वहीतलं माप त्या वर्षीचं होतं, जेव्हा बंदुकीच्या जुन्या दारूचे डबे यायचे बंद झाले आणि नव्या दारूचं माप शोधायला मी दोन महिने घालवले. तुझी आई, आपली अमाय, गेली तेच वर्ष. तुला मी लहानपणी शिकवलं होतं, दुनळीच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडतात त्या एकाच वेगाला. दारू कमी पडली, गोळी हळू निघाली, की दोघी फाकतात. तो वेग मी टेबलाशी बसून शोधला होता, रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट दाबून. दोन भोकांवर चहाचा कप बसेल इतकी ती जवळ पडायची.

मंगळवारी मी आणि मुदेंदा कोरड्या नदीपात्रात गेलो. तुझा हा म्हातारा माग काढणारा आता कुबडीवर चालतो, पण मला एकट्याला जाऊ देत नाही. बघतो तर तिथल्या त्या जुन्या टेबलाचे पाय वाळवीनं खाल्लेले. हात लावताच सगळं बसलं. मुदेंदा हसून हसून बेजार. 'शुवाईचे बाबा, आता तरी शिकाऱ्यासारखे उभे राहा!' मला चिडवायला त्याला निमित्तच हवं असतं. मीही इरेला पेटलो. मोपाने झाडाच्या बुंध्याला खांदा टेकला, निशाणाला सत्तर पावलांवर पुठ्ठ्याचा खोका, उजवी झाडली, लगेच डावी. उजवी मधोमध. डावीचं भोक मला दिसेना. मुदेंदा कुबडी टेकत गेला आणि तिथंच थांबला.  डावी गोळी दीड वीत डावीकडे होती. पुन्हा झाडल्या. पुन्हा दीड वीत. आठ काडतुसं, चार जोड्या, चारही तशाच.

पोरी, तेव्हा मला उमगलं. टेबलावर मी अंगाचा भार देऊन रायफल जखडत होतो, म्हणून दोन्ही नळ्या शहाण्यासारख्या वागत होत्या. हातात ती मोकळी उसळते, आणि माझी संथ गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी बाजूला गेलेली असते. रानात वाळूच्या पिशव्या कोण नेतं? चाळीस वर्षं काडतुसं भरणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही!

चार वर्षांपूर्वीचा तो जखमी रानरेडाही सत्तर पावलांवरच होता. काडतुसं याच मापाची. उजवी तू खांद्यात घातलीस. डावी पोटात गेली, तो काटेरी झुडपांत घुसला, आणि वळसा घालून मागून आला, त्यानं मुदेंदाचा पाय मोडला. कॅम्पवर सगळ्यांदेखत मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाला पाठ आहे. 'काडतुसं माझी आहेत, ती चुकत नाहीत. दुसरा चाप ओढताना माझी मुलगी घाबरली.' चौकशीला आलेल्या साहेबानं तेच लिहून घेतलं. तुझा शिकारीचा परवाना गेला. तू एक शब्द बोलली नाहीस. ते मौन मी कबुली समजलो.

मी खोका उचलून त्याच्यापुढे धरला. म्हटलं, 'मुदेंदा, तुझा पाय मी मोडला.' तो दचकला नाही, गं. त्यानं तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली आणि म्हणाला, 'तुम्हाला आज कळलं. पोरीला माझा पाय मोडल्यावर आठव्या दिवशी कळलं होतं.'

मग त्यानं सगळं सांगितलं. उरलेली सहा काडतुसं तू उभ्यानं झाडून पाहिलीस. भोकं पडलेलं पुठ्ठ्याचं झाकण ओढणीत गुंडाळून इस्पितळात त्याच्या खाटेशी नेलंस. म्हणालीस, 'सेकुरू, आजोबा, बाबांना सांगू नका. अमाय गेल्यापासून ते सकाळी उठतात ते त्या टेबलासाठी.' तो ओरडला, 'अगं वेडे, तुझं शिकारीचं काम जाईल!' तर तू म्हणालीस, 'मला दुसरं काम मिळेल. त्यांना काय मिळेल?'

दुसरं काम! चार वर्षं तू बोटीच्या तिकीटखिडकीमागे बसली आहेस. सिंहाच्या मागावर चालणारी माझी मुलगी, सुटे पैसे मोजत. आणि मी इथं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की बायकांच्या हातात दुनळी द्यायची नसते. ऐकणाऱ्या मुदेंदानं तेव्हाच कुबडी माझ्या डोक्यात का घातली नाही? आणि तुला कोणी सांगितलं होतं गं माझी कीव करायला? मी तुझा बाप आहे, पांगळा नाही. फार राग आलाय तुझा. लाज त्याहून मोठी आहे, म्हणून राग धरूनही ठेवता येत नाही.

हे लिहिलं ते क्षमा मागायला नाही. तुला इतरांकडून कळू नये म्हणून. काल मी आणि मुदेंदा परवान्याच्या कचेरीत जाऊन आलो. भोकं पडलेला खोका साहेबाच्या टेबलावर ठेवला, माझा जबाब खोटा होता असं लिहून सही केली, साक्षीला मुदेंदाचा अंगठा. येत्या शनिवारी कॅम्पवर त्याच सगळ्यांपुढे मी ते मोठ्यानं वाचणार आहे. मला अडवायला येशील हे माहीत आहे. ये. फाटकाशी मी गुडघे टेकून, तळवे जुळवून टाळ्या देत बसलेला दिसेन, आपल्याकडे मान द्यायला मुलगी बापापुढे बसते तसा. लोक हसतील, हसू देत. तू 'उठा' म्हणालीस तरच उठेन.

तुझाच,
बाबा