चुंबळीतले बूट

मुरुड
११ ऑक्टोबर १९८३

प्रिय नागूस,

हे पत्र आणि सोबतचं बोचकं नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो आहे. पोस्टानं पाठवलं असतं तर ते तुला रविवारनंतर मिळालं असतं, आणि मग लिहून काही उपयोग नव्हता. बोचकं आत्ताच सोडू नकोस. आधी पत्र शेवटपर्यंत वाच. लहानपणी बाजारातून आलेला पुडा बघितला की तुला दम निघत नसे, म्हणून ही ताकीद.

तुझं पत्र गेल्या सोमवारी दुकानाच्या पत्त्यावर आलं. कॉलेजच्या संघासाठी रविवारी निवड आहे आणि तू यादीतून आपलं नाव काढून घेतलंस. ज्या मुलीला पायातला बूट धड घालता येत नाही तिनं धावायच्या गप्पा मारू नयेत, असं तू लिहिलंस. वर माझी माफी मागितलीस. नऊ महिन्यांत ही चौथी माफी. पहिल्या तीन मी मोठ्या मनानं पदरात घेतल्या. चौथी वाचून मला जेवण गेलं नाही.

इकडचं सगळं बरं आहे. यंदा पावसानं मनावर घेतलं, विहिरीला पाणी आहे. वेशीतल्या हापशावर आता कुणी घागर मांडून ठेवत नाही. तिथून जाताना मला मात्र अजून ती गेल्या वर्षीची रांगच दिसते. पहाटे चारला उठून घागर रांगेत ठेवायची आणि नंबर यायची वाट बघत दीड तास बसायचं. बाकीच्या बाया तिथं गप्पा मारायच्या नाहीतर भांडायच्या, आणि आपली नागू घागर शेजारच्या चांगुणाकाकूच्या हवाली करून दुष्काळी कामावरच्या नव्या मुरमाच्या रस्त्यावर धावायला पसार. अप्पांना कळलं तर घरात काय होईल या धास्तीनं आपण दोघांनी किती खटाटोप केला, आठवतं ना? भुसाराच्या दुकानदाराची मुलगी रस्त्यानं पळते म्हणजे काय, असंच ते म्हणतील, ही आपली खात्री होती.

अनवाणी पळून तुझ्या टाचा फुटल्या तेव्हा मी बूट करायचं मनावर घेतलं. मी शिवणार सायकलच्या गाद्या आणि किराणाच्या पिशव्या, पण मिजास इंजिनियरची. अडचण एकच होती, बूट ठेवायचा कुठं? पिशवी नेलीस तर हापशावर पिशवी कशाला, असं आई विचारणार. तुझ्या हातात घागर आणि डोक्यावर चुंबळ, याहून जास्त काही असायला नको. मग एकदा तुला चुंबळ वळताना बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. टाचेपासून चवड्यापर्यंत वाकणारा बूट, अर्धगोल होईल असा. दोन बूट समोरासमोर ठेवले की गोल कडं. वरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली की झाली चुंबळ. धावायच्या वेळी पट्टी सोडायची, बूट सरळ करायचे आणि तळव्याच्या शिवणीतल्या खोबणीत बांबूची कामटी सरकवायची, की तळवा ताठ. कामट्या तू वेणीत खोचायचीस. डोक्यावर पायातले बूट, त्यावर पिण्याच्या पाण्याची घागर, अशी ऐटीत घरी यायचीस. आईला हे तेव्हा कळलं असतं तर तिनं आपल्या दोघांना विभूती लावून घराबाहेर काढलं असतं.

ते बूट मी किती वेळा उसवले आणि शिवले ते तुला ठाऊक आहे. वर कॅनव्हास, खाली चपलेच्या रबराचा तळवा. स्टँडजवळच्या लिंबाखाली चपला शिवत बसणाऱ्या केरबाला एकदा ते दाखवले होते. त्यानं बूट दोनदा वाकवून बघितला आणि म्हणाला, “मालक, रबर इथंच दगा देतंय बघा. वाकतंय तिथं आतून चामड्याची पट्टी घाला.” मी मान डोलावली आणि पट्टी घातली नाही. आपल्याकडे चामडं उंबऱ्याच्या आत येत नाही. अप्पांच्या चपलासुद्धा पायरीखाली असतात, आणि हे तर देवघरापलीकडच्या खुंटीला लटकणार, पाण्याच्या घागरीखाली बसणार. लपवायचे म्हणून ते घरात ठेवायचे, घरात ठेवायचे म्हणून चामडं नको. एवढा साधा हिशेब.

मग आपला लातूर जिल्हा झाला. अप्पांनी दुकानात पेढे वाटले, आणि जानेवारीत नव्या जिल्ह्याचा पहिला संघ पुण्याला निघाला. शाळेत खेळ शिकवणाऱ्या भीमाशंकर सरांनी आठशे मीटरला तुझं नाव घातलं. प्रत्येकाला एकच थैली, तीही मांडीवर मावेल एवढी, असा त्यांचा हुकूम होता. बाकीच्यांना कपडे ठेवावे की बूट, हा प्रश्न पडला. तू थैलीच्या कोपऱ्यात चुंबळ कोंबलीस आणि वर आईच्या धपाट्यांचा डबा ठेवलास. अप्पांना आपण शाळेची सहल सांगितली. एसटी सुटली तेव्हा माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी होतं.

पुढचं तूच मला सांगितलंस. दुसऱ्या फेरीत तू दुसरी होतीस. वळणावर उजवा पाय मुडपला, तू तोंडावर पडलीस, उठलीस आणि एका बुटावर शर्यत पुरी केलीस, सगळ्यांच्या मागून. नंतर बघितलंस तर उजव्या बुटात कामटी नव्हती. घाईत ती घालायलाच विसरले आणि म्हणून तळवा मुडपून फाटला, असं तू ठरवून टाकलंस. सरही तेच म्हणाले, पोरगी घाबरली. घरी आल्यावर फाटका बूट माझ्यापुढे ठेवून तू रडलीस, “अण्णा, तुझी मेहनत मी मातीत घातली,” म्हणालीस. आणि मी तुझ्या पाठीवर हात फिरवून म्हणालो, जाऊ दे, होतं असं. त्या उदारपणाची मला आज किळस येते.

तुझं पत्र अप्पांनी फोडलं. दुकानावर आलेलं टपाल तेच फोडतात, तुला माहीत आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि पत्र पुढे केलं. मी बूट, हापसा, सहल, सगळं ओकून टाकलं आणि खाली मान घालून उभा राहिलो. अप्पांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “चुंबळीतून नाडी लोंबती, हे मला दिसत नव्हतं व्हय रे? वरीसभर बघून राहिलो. आज सांगताल, उद्या सांगताल.” एवढंच. नागू, ते रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते बघणं रागापेक्षा जड गेलं. मग मी त्यांना राहिलेली एक गोष्टही सांगितली. ती ऐकून त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, “हे मला सांगून काय उपेग? तिला सांग.”

म्हणून हे पत्र. तू पुण्याला निघालीस त्याच्या दोन दिवस आधी मी उजवा बूट वाकवून बघितला, तेव्हा तळव्याला आडवी चीर गेलेली होती, नखभर खोल. रोज त्यावर भरल्या घागरीचं ओझं बसत होतं, रबर तरी किती सोसेल? मला ती चीर दिसली, केरबाचं बोलणंही आठवलं. तुला सांगितलं असतं तर तू कुणाचे तरी बूट मागून धावली असतीस, आणि माझा बूट पुण्याला गेला नसता. मी चिरेवर पंक्चरचं सोल्यूशन फासलं आणि मूग गिळून बसलो. कामटी तू घातली होतीस, नागू. तळवा फाटला आणि ती त्या चिरेतून निसटली. तू काहीच विसरली नव्हतीस. नऊ महिने माझं पाप तू आपल्या डोक्यावर वागवलंस आणि मी वागवू दिलं. मला माफ करायचं की नाही ते तू सवडीनं ठरव, पण रविवारच्या यादीत नाव आजच परत घाल. आता बोचकं सोड. आत बूट आहेत. तळव्याचं चामडं अप्पांनी स्वतः केरबाकडे बसून कापून घेतलं, वरचं मी शिवलं. तीन दिवस ते दुकानाच्या पायरीखाली अप्पांच्या चपलांशेजारी उघडे ठेवले होते, आणि येणारं गिऱ्हाईक कुणाचे म्हणून विचारी तेव्हा अप्पा तुझं नाव सांगत. हे बूट वाकत नाहीत, वळत नाहीत, कशात लपत नाहीत. ते मावतील एवढी मोठी थैली शिवली आहे, आणि तिच्यावर अप्पांनी सांगितलं तसं लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत टाके घातले आहेत: नागम्मा सिद्रामप्पा, मुरुड, जिल्हा लातूर.

तुझाच,
मल्लूअण्णा